मोज्यांखालची बाटली

प्रश्न : ताई, मी ३४ वर्षांचा. दीड वर्ष आम्ही बाळासाठी प्रयत्न करतोय. मी कायम रात्रपाळीला, दिवसा जेमतेम चार तास झोप. वीर्यतपासणीत शुक्राणूंची हालचाल ३१ टक्के आली, बाकी आकडे ठीक. बायकोला सांगितलेलं नाही. मित्राचं ऐकून क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दुप्पट घेतोय, बाटली कपाटात मोज्यांखाली असते. झोपू न दिलेल्या उंदरांना या गोळ्यांनी फायदा झाल्याचं वाचलं. मलाही गुण येईल ना?

उत्तर : त्या उंदराला पाण्यातल्या एवढ्याशा चौथऱ्यावर ठेवतात. डोळा लागला, अंग सैल पडलं की तो पाण्यात. बिचाऱ्याला पाळी बदलून मागता येत नाही. तुम्हाला निदान विचारता तरी येईल.

गोळ्यांमागचा विचार खुळा नाही. शुक्राणूचं आवरण सहज खराब होणाऱ्या स्निग्धांशाचं असतं आणि स्वतःची डागडुजी त्याला फारशी जमत नाही. म्हणून वीर्यात क जीवनसत्त्व रक्तापेक्षा कितीतरी जास्त असतं. पण माणसांवर करून पाहिलं तेव्हा चित्र एवढं गोड निघालं नाही. २०२० साली १७१ जोडप्यांच्या चाचणीत पुरुषांना क, ई, सेलेनियम, झिंक असं बरंच काही एकत्र दिलं. तीन महिन्यांनी हालचाल सुधारली नाही, बाळंही जास्त झाली नाहीत. आणि दुप्पट डोस कशासाठी? जास्त क जीवनसत्त्वाने पुरुषांना मुतखडा होऊ शकतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

झोपेचं मात्र तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे शुक्राणू तयार व्हायला लागणारं पुरुषी संप्रेरक, झोपेत वाढतं. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर ते दिवसा १० ते १५ टक्के घटलं. तुमची झोप त्याहूनही कमी, तीही रोजची. पाळी लगेच बदलणार नसेल तर खोलीत गडद पडदे लावा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी बंद. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, तेव्हा पुढच्या आठवड्यातच रिपोर्ट काढून हिरमुसू नका.

३१ हा आकडा कमी आहे, खालची मर्यादा ४२ धरतात. पण एका तपासणीवर कुणी निकाल देत नाही. मधल्या काळात मोठा ताप आला होता का, आठवून पाहा. तपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन न होऊ देण्याचा नियम पाळून पुन्हा तपासा आणि वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, नाहीत ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या. वर्ष उलटून गेलंय, तेव्हा तपासण्या दोघांच्याही व्हायला हव्यात.

म्हणजे बायकोला सांगणं आलंच. पत्रात तिच्याबद्दल एवढंच आहे, की तिला माहीत नाही. दीड वर्ष दर महिन्याला ती काय मोजत असेल, दोष कुणात शोधत असेल? बहुतेक स्वतःतच. या सुट्टीच्या दिवशी, नीट झोपून उठल्यावर, रिपोर्ट तिच्यासमोर ठेवा. ती बाटलीही ठेवा. मोजे आवरताना तिलाच सापडली तर उत्तर द्यायला जास्त जड जाईल.