टूलचेन बदलल्यानंतर बिल्डरूटचा सगळाच बिल्ड बिघडला आहे. आउटपुट डिरेक्टरी पुसून टाकावी का?

तुमच्या वर्णनावरून घटनाक्रम असा दिसतो: बीगलबोन ब्लॅक या छोट्या एआरएम बोर्डसाठी बिल्डरूटने (म्हणजे अशा बोर्डसाठी लिनक्स प्रणाली सोर्सपासून तयार करणाऱ्या साधनाने) बिल्ड करताना तुमच्या स्वतःच्या पॅकेजवर ‘अनसेफ हेडर/लायब्ररी पाथ’ ही त्रुटी आली, टूलचेनच (कंपायलर, लिंकर वगैरे साधनांचा संच) चुकली असावी असे समजून तुम्ही ईएबीआयची बाह्य टूलचेन काढून ईएबीआयएचएफची घेतली (या एआरएम कोडच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, त्यांतला फरक पुढे येईल), आणि तेव्हापासून पूर्वी विनातक्रार तयार झालेल्या लायब्रऱ्या जोडतानाही ‘यूजेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स’ असे म्हणून लिंकर (तयार कोड एकत्र जोडणारा प्रोग्राम) थांबतो. आता जुने आउटपुट सोडून सगळे नव्याने बिल्ड करावेच लागेल. मात्र तेवढ्याने तुमची पहिली त्रुटी जाणार नाही, कारण तिचा टूलचेनशी संबंधच नव्हता.

बिल्डरूट प्रत्येक पॅकेजचा टप्पा पूर्ण झाला की त्याच्या बिल्ड डिरेक्टरीत एक स्टॅम्प फाइल ठेवते आणि पुढच्या वेळी ती फाइल दिसली की तो टप्पा वगळते. मधल्या काळात कॉन्फिगरेशन बदलले आहे का, याची ते चौकशी करत नाही. त्यामुळे टूलचेन नवी आली तरी स्टेजिंगमधल्या (इतर पॅकेजेस ज्यांच्याशी जोडली जातात त्या हेडर-लायब्रऱ्यांच्या डिरेक्टरीतल्या) लायब्रऱ्या जुन्याच राहिल्या. ईएबीआयमध्ये फ्लोटिंग पॉइंट संख्या फंक्शनकडे सामान्य रजिस्टरांतून जातात, तर ईएबीआयएचएफमध्ये व्हीएफपी या फ्लोटिंग पॉइंट युनिटच्या रजिस्टरांतून. अशा दोन पद्धतींचा कोड एकत्र जोडायला लिंकर नकार देतो आणि ते योग्यच आहे. एकेका पॅकेजवर ‘डिरक्लीन’ चालवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, पण ती आज्ञा फक्त त्या पॅकेजची बिल्ड डिरेक्टरी काढते. स्टेजिंग आणि टार्गेटमध्ये (बोर्डवर जाणाऱ्या फाइलींच्या डिरेक्टरीत) आधीच बसवलेल्या फाइली जागच्या जागी राहतात, म्हणून पायाच बदललेला असताना हा मार्ग म्हणजे नुसती वणवण आहे.

‘मेक क्लीन’ करण्यापूर्वी थांबा. मुख्य कॉन्फिगरेशन आणि डाउनलोड केलेले सोर्स त्यातून वाचतात (‘डिस्टक्लीन’मध्ये मात्र कॉन्फिगरेशनही जाते, म्हणून ती आज्ञा इथे नको). खरा धोका आउटपुटच्या आतल्या बिल्ड डिरेक्टरीत आहे. ‘लिनक्स-मेन्यूकॉन्फिग’ किंवा ‘बिझीबॉक्स-मेन्यूकॉन्फिग’ वापरून केलेले बदल तिथल्याच फाइलींत असतात आणि क्लीनबरोबर कायमचे जातात. कर्नेल व बिझीबॉक्ससाठी तुम्ही स्वतःच्या कॉन्फिग फाइलचा मार्ग दिलेला असेल, तर ‘लिनक्स-अपडेट-डेफकॉन्फिग’ आणि ‘बिझीबॉक्स-अपडेट-कॉन्फिग’ यांनी बदल तिकडे उतरवता येतात. नसेल, तर त्या फाइली हाताने बाहेर काढून ठेवा. कर्नेलच्या किंवा एखाद्या ड्रायव्हरच्या सोर्समध्ये तिथेच थेट दुरुस्ती केली असेल, तर तिचाही पॅच काढून घ्या. शेवटी बिल्डरूटचे कॉन्फिगरेशन जतन करायला ‘सेव्हडेफकॉन्फिग’ चालवा आणि बोर्डवर नीट चालणारी एखादी इमेज हाताशी असेल तर तिची प्रत दुसरीकडे ठेवा.

डिस्कवर जागा असेल तर मी जुने आउटपुट पुसणार नाही; ‘मेक ओ=’ देऊन वेगळ्या डिरेक्टरीत, जतन केलेल्या डेफकॉन्फिगवरून नव्याने बिल्ड सुरू करीन. जुने आउटपुट तुलनेसाठी हाताशी राहते आणि डाउनलोड तीच वापरली जातात. टूलचेन मात्र आता ईएबीआयएचएफचीच ठेवा, कारण या बोर्डवरील एएम3358 मधल्या कॉर्टेक्स-ए8 गाभ्यात व्हीएफपी आहे. एखादी बंदिस्त बायनरी लायब्ररी फक्त जुन्या ईएबीआयमध्ये मिळत असेल, तरच उलट विचार करावा.

आता मूळ त्रुटीकडे वळू. तो संदेश बिल्डरूटने क्रॉस-कंपायलरभोवती घातलेल्या रॅपरकडून (कंपायलरला बोलावणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून) येतो. म्हणजे योग्य कंपायलरच बोलावला जात होता, पण त्याला तुमच्या संगणकाचा /यूएसआर/लिब किंवा /यूएसआर/इन्क्लूड हा मार्ग कोणीतरी देत होते. हा ‘कोणीतरी’ बहुधा तुमच्या पॅकेजची मेकफाइल असेल. संदेशात अवतरणचिन्हांत छापलेला पर्याय मेकफाइलमध्ये शोधा आणि काढून टाका. त्या जागी स्टेजिंगचा मार्ग लिहिण्याची गरज नाही, कारण कंपायलरला आपला सिसरूट (हेडर व लायब्रऱ्या शोधण्याची मूळ डिरेक्टरी) ठाऊक असतो. फक्त लागणाऱ्या लायब्रऱ्या पॅकेजच्या ‘डिपेंडन्सीज’मध्ये नोंदवा, म्हणजे त्या आधी तयार होतील. यापुढे याच पॅकेजमध्ये बदल केल्यावर ‘डिरक्लीन’ आणि मग ‘मेक’ एवढे पुरेल. तिथे ती आज्ञा योग्य आहे.

बिल्ड संपल्यावर इमेज कार्डावर उतरवण्यापूर्वी टार्गेटमधल्या तुमच्या प्रोग्रामवर ‘रीडएल्फ’ लहान ‘एल’ पर्यायासह चालवा. जीलिबसी ही सी लायब्ररी असेल तर इंटरप्रिटर (प्रोग्राम सुरू करणारा लोडर) म्हणून एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.3 दिसायला हवा. तिथे ‘आर्मएचएफ’ नसेल, तर तो प्रोग्राम जुन्या टूलचेनचा उरलेला आहे आणि फाइल समोर दिसत असूनही बोर्ड ‘नॉट फाउंड’ म्हणेल, कारण सापडत नाही तो लोडर.