पत्ता ब्रिस्बेनचा का दिसतो?

प्रश्न : धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर रात्रभर कोणीतरी पासवर्ड घालून पाहत होतं. लॉगमधला १०३ ने सुरू होणारा आयपी पत्ता 'अ‍ॅरिन'च्या हूइजवर (पत्ता कोणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या नोंदवहीत) शोधला, तर 'साउथ ब्रिस्बेन, ऑस्ट्रेलिया' आलं. तक्रारीत ऑस्ट्रेलिया लिहायचं का?

उत्तर : मुळीच नाही. सातबारा काढायला जावं आणि तलाठी कार्यालयावरची पाटी वाचून परत यावं, तसं झालंय हे. अ‍ॅरिन ही आयपी पत्त्यांची उत्तर अमेरिकेतली नोंदणी संस्था. १०३ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांचा पूर्ण गट आपल्याकडे नाही, तो आशिया-पॅसिफिकच्या 'एपनिक'कडे आहे, एवढंच ती सांगते.

तुम्हाला दिसलेला पत्ता एपनिकच्या कचेरीचा. ही कचेरी ब्रिस्बेनला गेली तीही फिरत फिरत. आधी जगभरचे पत्ते अमेरिकेतूनच दिले जायचे. ते काम विभागवार वाटून द्यावं, अशी दिशा १९९२ मध्ये 'आरएफसी १३६६' या इंटरनेटच्या मार्गदर्शक दस्तऐवजाने दिली. युरोपची 'राइप एनसीसी' त्याच वर्षी उभी राहिली. आपल्या विभागासाठी १९९३ मध्ये टोकियोत प्रायोगिक काम सुरू झालं, ते डेव्हिड कॉनराड यांनी चालवलं. १९९६ मध्ये संस्थेची कायदेशीर नोंदणी झाली ती चक्क सेशेल्समध्ये! १९९८ मध्ये पॉल विल्सन महासंचालक झाले आणि बिऱ्हाड ब्रिस्बेनला हललं. भारतासाठी २०१२ पासून 'निक्सी' (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेच्या छत्राखाली 'आयरिन' ही राष्ट्रीय नोंदणी संस्थाही आहे.

आता तोच पत्ता एपनिकच्या हूइजवर टाका. 'इनेटनम'मध्ये गट किती मोठा ते दिसेल, 'नेटनेम'वरून तो कोणाकडे आहे याचा अंदाज येईल आणि 'अ‍ॅब्यूज-मेलबॉक्स'मध्ये तक्रारीचा ईमेल मिळेल. 'कंट्री'वर मात्र फार विसंबू नका, मशीन दुसऱ्याच देशात असू शकतं. तक्रारीत सेकंदापर्यंतची वेळ, ती भारतीय की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हे, आणि समोरचा सोर्स पोर्ट, म्हणजे लॉगमध्ये त्या पत्त्यासोबत येणारा क्रमांक, लिहा. पोर्ट नसेल तर एका पत्त्यामागच्या शेकडो ग्राहकांतून नेमका कोण, हे कंपनीलाही काढता येत नाही.

प्रश्न : इतवारीतल्या दुकानाच्या डीव्हीआरसाठी (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यासाठी) राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली हाक डीव्हीआरकडे वळवली. दुकानाच्या वायफायवर चित्र दिसतं, घरून दिसत नाही.

उत्तर : राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी', म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात, म्हणजे कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटून वापरते. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापाशीच थांबते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. १९२.१६८ दिसला तर आधी फायबरचा डबा तपासा. बरेचदा तोही राउटिंग करत असतो, त्याला ब्रिज मोडवर (राउटिंग न करता लाइन नुसती पुढे देण्यावर) टाकून घ्या आणि वॅन आयपी पुन्हा बघा.

कंपनी काही मुद्दाम अडवत नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे या चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीचे, एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे पाच मोठे गट ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. १५ एप्रिल २०११ ला एपनिक आपल्या शेवटच्या गटावर, म्हणजे १०३ वर, आली. तिथून एका सदस्याला जास्तीत जास्त १,०२४ पत्ते मिळू लागले आणि २०१९ मध्ये नव्यांसाठी ते ५१२ वर आले. पाच हजार जोडण्यांचा केबलवाला ५१२ पत्त्यांत काय करणार? स्टॅटिक आयपी, म्हणजे तुमच्यासाठीच राखलेला कायमचा पत्ता, मागून घ्या, नाहीतर डीव्हीआरची क्लाउड सोय वापरा.

प्रश्न : हिंगणा रोड भागात आमचं ब्रॉडबँड आहे. स्वतःचे पत्ते घ्यावेत का?

उत्तर : वरून दोन कंपन्यांची लाइन असेल तर घ्याच, सोबत एएस नंबरही (इंटरनेटवर तुमच्या नेटवर्कची ओळख सांगणारा क्रमांक) घ्या. म्हणजे कंपनी बदलली तरी ग्राहकांचे पत्ते बदलावे लागत नाहीत. २५६ पत्त्यांपेक्षा लहान तुकडा बाहेरच्या नेटवर्कना जाहीर करू नका, ती तो बहुधा घेत नाहीत. आरओए, म्हणजे हे पत्ते कोणत्या एएस नंबरवरून जाहीर होऊ शकतात याचा सही केलेला दाखला, बनवताना एएस नंबर दोनदा वाचा. एक आकडा चुकला की मार्ग 'इनव्हॅलिड' ठरतो आणि मोठ्या कंपन्या तो टाकून देतात. मग काही साइट उघडतात, काही नाही, आणि लाइनमन बिचारा नुसता खांबावर चढत राहतो.