पाय वाचला, मग जखम उघडी का ठेवली?

प्रश्न : धाकट्या भावाचा अ‍ॅक्सिडेंट झाला, गुडघा निखळला आणि गुडघ्यामागची धमनी फाटली. डॉक्टरांनी चांगल्या पायातली शीर काढून तिथं जोडली, पाऊल परत गरम झालं, पण नडगीच्या दोन्ही बाजूंनी लांबलचक चिरे देऊन ते उघडेच ठेवलेत, आतलं मांस दिसतं. दर दोन-तीन दिवसांनी नेऊन थोडं थोडं ओढून घेतात. एकदाच टाके घालून मोकळं का करत नाहीत? आणि चांगल्या पायाला हात कशाला लावला?

उत्तर : बघून पोटात गोळा येतो खरा, पण ते चिरे मुद्दाम दिलेले असतात, फॅशिओटॉमी म्हणतात त्याला. रक्त काही तास बंद राहिलं की स्नायूंचे हाल होतात, सहा तास उलटले की धोका फारच वाढतो, आणि रक्त परत सुरू झालं की ते आणखी फुगतात. गुडघ्याखाली स्नायूंचे चार कप्पे, त्यांचं आवरण ताणत नाही, मग सूज जाणार कुठं? आत दाब वाढून जोडलेली धमनी वाहत असतानाही स्नायू आणि मज्जातंतू मरू शकतात. म्हणून चारही कप्पे मोकळे करतात. घाईनं टाके घातले तर तोच दाब परत.

सूज उतरेल तसं कडांना लावलेले रबरी दोरे बुटाच्या लेससारखे आवळत नेतात, कधी स्पंज लावून मशीनने पाणी ओढून घेतात, त्याला व्हॅक म्हणतात. तरी फट राहिलीच तर मांडीची पातळ कातडी लावतात, त्यात काही बिघडलं असं समजू नका.

चांगल्या पायाची शीर यासाठी, की जखमी पायातल्या खोल शिराही दुखावलेल्या असू शकतात, तिथली वरची शीर रक्त परत न्यायला लागते. आणि शिरेत झडपा असतात म्हणून ती उलटी करून बसवतात, नाहीतर रक्त अडेल.

सिस्टर पावलावर पेनसारखा डॉप्लर टेकवून 'हुश्श हुश्श' ऐकतात ना, ती नाडी. पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं, दुखणं एकदम वाढलं, ड्रेसिंग रक्तानं भिजलं तर राउंडची वाट बघू नका, लगेच हाक मारा. सिगरेट बंद म्हणजे बंद. आणि पाऊल खाली लोंबकळत ठेवू नका, स्प्लिंट लावून काटकोनात धरा, टाचेमागची धोंडशीर (ही रक्ताची शीर नव्हे, पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा दोर) आखडली तर जखम भरूनही चालताना त्रास होतो. फिजिओ कधीपासून सुरू करायची ते आत्ताच विचारून घ्या.