अमेरिकेत कॉलेज ॲडमिशनला वंश आणि लिंग कुठे मोजतात, कुठे नाही

तुमचा प्रश्न असा: मुलगी नववीत आहे, कंपनी डॅलस (टेक्सास) किंवा सॅन होजे (कॅलिफोर्निया) देतेय, तर 'एशियन' म्हणून तिला कॉलेजला तोटा होईल का आणि मुलगी म्हणून इंजिनिअरिंगला झुकतं माप मिळेल का.

आधी आपल्याकडचं गणित डोक्यातून काढा. इथे राखीव जागा नाहीत, जातीचा दाखला कुठेच लागत नाही. वंश 'अनेक बाबींपैकी एक' म्हणून धरायची मुभा होती, तीही सुप्रीम कोर्टाने २९ जून २०२३ला हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यांत काढून घेतली. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामायिक ऑनलाइन अर्जात, वंशाचा प्रश्न अजून आहे, पण तो ऐच्छिक आहे आणि कॉलेजला त्याचं उत्तर झाकून ठेवता येतं. त्यामुळे 'भारतीय दिसू नका' म्हणणाऱ्या कन्सल्टंटला पैसे देऊ नका. खोटा वंश तर मुळीच लिहू नका. उघडकीला आलं तर मिळालेली ॲडमिशनही जाऊ शकते. वंशामुळे काय सोसलं, त्यातून काय घडलं, हे निबंधात लिहायला निकालानेच मोकळीक ठेवली आहे, फक्त ते मुलीच्या स्वतःच्या गुणांशी जोडलेलं हवं.

लिंगाचं वेगळं आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्यातून खासगी कॉलेजांचे पदवी प्रवेश वगळलेले आहेत, म्हणजे ती लिंग बघू शकतात. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं गुगलवर टाका, म्हणजे कॉलेजने ठरावीक नमुन्यात दिलेली आकडेवारी मिळेल. त्यातल्या सी-१ या भागात मुलगे आणि मुली यांचे अर्ज आणि प्रवेश वेगवेगळे दिलेले असतात. भागाकार स्वतः करा. एमआयटीत मुलींचा प्रवेशदर जास्त निघतो, ब्राउनमध्ये मुलग्यांचा. पण नुसत्या दरावरून झुकतं माप सिद्ध होत नाही, एमआयटीकडे मुलींचे अर्जच कमी येतात. सी-७ मध्ये कॉलेज कशाला किती वजन देतं ते कळतं. बी-२ हा विद्यार्थ्यांच्या वंशाचा तक्ता बघताना एक चूक बरेच जण करतात: एच-४ वरची (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांची) मुलं तिथे 'एशियन' रकान्यात नसतात, 'नॉनरेसिडेंट'मध्ये असतात. त्या मुलांना फीसाठी केंद्र सरकारची (फेडरल) मदतही मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. माझ्या मते तुमच्या मुलीच्या बाबतीत वंशापेक्षा व्हिसा आणि राज्य जास्त भारी पडेल.

कॅलिफोर्नियात १९९६ला मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन २०९ या कायद्यामुळे सरकारी विद्यापीठांना वंश किंवा लिंग बघून प्राधान्य देता येत नाही. यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) एसएटी या प्रवेश परीक्षेचे गुणसुद्धा बघत नाही. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, दहावी-अकरावीच्या विषयांवर निघतो, आणि आठपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं लिहायची असतात. म्हणजे मुलगी दहावीच्या सुरुवातीला पोचली तर फारसं बिघडत नाही.

टेक्सासमध्ये सरकारी विद्यापीठांत शाळेतल्या क्रमांकावर थेट प्रवेश मिळतो: कायद्याने पहिले १० टक्के, यूटी ऑस्टिनला (युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास, ऑस्टिन) २०२६पासून पहिले ५. त्यातही कॉम्प्युटर सायन्सची हमी नाही. डॅलसजवळच्या फ्रिस्को-प्लेनोच्या शाळांत आपल्याच लोकांची हुशार मुलं खच्चून भरलेली आहेत, तिथे पहिल्या ५ टक्क्यांत येणं फार अवघड. नववीचे भारतातले गुण क्रमांकात धरतात की नाही, हे प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टचं (तिथल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचं) वेगळं असतं. घर भाड्याने घेण्याआधी शाळेच्या काउन्सेलरला ईमेल करून हे लेखी विचारा.