25 वर्षांनी दहावीच्या बॅचचा मेळावा आहे. जावं की नाही?

ताई, तुमची 2000 सालची दहावीची बॅच दिवाळीनंतर भेटतेय, घटस्फोट झालाय, शाळेतली नोकरीही सुटलीय, आणि ‘तिथे जाऊन सांगू काय?’ असं तुम्ही विचारलंय. मी तुमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. 1994 ची बॅच, चिपळूणजवळची शाळा. बॅच 1994 ची खरी, पण मार्चला मी गणितात उडालो आणि ऑक्टोबरला सुटलो.

हल्लीच्या पोरांना हे ऑक्टोबर प्रकरण ठाऊक नसेल. 2015 पासून बोर्डाने जुलैतच फेरपरीक्षा घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे वर्ष वाचू लागलं. आमच्या वेळी जूनमध्ये निकाल, ऑक्टोबरात पुन्हा पेपर, आणि त्याचा निकाल हातात येईपर्यंत सोबतची मुलं अकरावीत पार रुळलेली. वर्ष गेलंच. ते वर्ष मी मामाच्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळत काढलं, मग आयटीआयला वायरमनचा ट्रेड घेतला. आज डोंबिवलीत माझं स्वतःचं दुकान आहे, दोन पोरं हाताखाली आहेत. रडण्यासारखं काही नाही. पण वर्गातल्या एकाने तेव्हा माझं नाव ‘ऑक्टोबर’ ठेवलं आणि ते गावात चिकटलं ते चिकटलंच.

2014 ला आमचा पहिला मेळावा झाला. मी गेलो नाही. ‘दुकानात सीझन आहे’ असं कळवलं. दिवाळीच्या आधी वाइंडिंगवाल्याचा कसला आलाय सीझन! त्या रात्री ग्रुपवर फोटो पडत राहिले आणि मी एकेक मोठा करून बघत बसलो, कोण जाडं झालं, कोणाला टक्कल पडलं. बायको म्हणाली, “एवढं बघायचं होतं तर जायचं होतं ना.” त्यावर मी काय बोलणार!

2019 ला, 25 वर्षं झाली तेव्हा गेलो. दिवा स्टेशनवरून पॅसेंजर पकडली आणि रोह्यापर्यंत परत फिरायचे बेत करत होतो.

तुम्हाला ज्याची धास्ती आहे ती परिचयाची फेरी असतेच. प्रत्येकाने उठायचं, माईक घ्यायचा, नाव, हल्ली मुक्काम कुठे, काम काय, घरी कोण कोण. बायकांनी माहेरचं नाव आधी सांगायचं, नाहीतर कोणाला पत्ता लागत नाही. आमच्याकडे साठ-पासष्ट जण होते. पहिल्या दहा जणांचं लोकांनी ऐकलं. त्यानंतर ज्याची पाळी जवळ आली तो आपलं वाक्य मनात घोकतोय आणि ज्याची होऊन गेली तो शेजारच्याशी गप्पा मारतोय. माझी पाळी आली तेव्हा मागच्या रांगेत वडे आले होते. पाच वर्षं ज्या दोन वाक्यांना मी घाबरत होतो ती वड्यांच्या गडबडीत वाहून गेली.

तुम्ही असं करा. दोन वाक्यं घरीच ठरवून ठेवा, ‘मी अमुक गावी असते, शिकवण्या घेते’ वगैरे, जे खरं असेल ते, आणि माईक पुढच्याच्या हातात द्या. ‘मिस्टर काय करतात?’ असं कोणीतरी विचारणारच, आपल्याकडे तो प्रश्न ‘पाणी घेणार का?’ इतका सहज येतो. “आम्ही वेगळे झालो. तुझी मुलं केवढी झाली?” एवढं म्हणायचं. दुसरं वाक्य लगेच जोडायचं, मध्ये जागा ठेवायची नाही. माणूस स्वतःच्या मुलांवर बोलायला लागला की तुमचं विसरतो. आणि चाळिशी ओलांडलेल्या बॅचमध्ये धडधाकट आयुष्य कोणाचं असतं? आमच्यात दोघी विधवा होत्या, एकाचा धंदा बुडालेला, एक जण दर आठवड्याला डायलिसिसला जाणारा. हे सगळं ग्रुपवर दिसत नाही. ग्रुपवर सकाळी सहाला सूर्यफुलांचे फोटो आणि रात्री राजकारण. त्यावरून मेळाव्याचा अंदाज बांधू नका. ग्रुपवर जे सगळ्यात जास्त बोलतात ते समोर भेटल्यावर कंटाळवाणे असतात, हा माझा अनुभव.

आता तो ‘ऑक्टोबर’वाला. मला वाटलं होतं, समोर आला की एकतर भांडण होईल किंवा तो तरी ओशाळेल. त्याने मिठी मारली, माझं खरं नाव घेतलं आणि विचारलं, “तू आमच्याबरोबरच पास झालास ना रे?” त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. लोक म्हणतात अशा वेळी मन हलकं होतं. माझा तर संताप झाला. पंचवीस वर्षं मी ज्याचं ओझं वाहिलं त्याची त्याच्याकडे नोंदच नाही!

उलटंही झालं. अ तुकडीतली एक जण, आता बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “नववीच्या गॅदरिंगला ॲम्प्लिफायर बंद पडला होता, तो यानेच चालू केला, म्हणून आमचा नाच झाला!” टाळ्या पडल्या. ताई, तो मी नव्हतो. माझ्या बाकावर शेजारी बसायचा त्याने तो चालू केला होता, मी नुसता टॉर्च धरून उभा होतो. तो मेळाव्याला आला नव्हता. तो ऑक्टोबरलाही सुटला नाही, नंतर परीक्षेला बसलाच नाही, म्हणून त्याला कोणी ग्रुपवरही घेतलं नव्हतं. मी टाळ्या घेतल्या आणि गप्प बसलो.

तुमच्याबद्दलही तिथे असंच काहीतरी चुकीचं आठवत असणार. ज्याची तुम्हाला लाज वाटते ते बहुतेकांच्या गावीही नसेल आणि जे तुम्ही केलंच नाही त्याचं कौतुक होईल. म्हणून ‘ते काय म्हणतील’ यावर निर्णय सोडू नका. येणाऱ्यांची यादी मागवा. त्यात ज्यांच्यासोबत तासभर बसावंसं वाटतं अशी दोन नावं सापडतात का बघा. सापडली तर जा. नसतील तर जाऊ नका, ‘जमत नाही’ एवढं कळवा, कारण देत बसू नका. आणि यादीत असं कोणी असेल ज्याने चिडवण्यापलीकडे, खरोखर त्रास दिला होता, तर दोन काय दहा नावं असली तरी जायची सक्ती नाही.

यादीसोबत कार्यक्रमही विचारून घ्या. शाळेच्या सभागृहात एक दिवसाचा असेल तर निर्धास्त जा. शिक्षकांना शाल-श्रीफळ, जेवण, चार-पाच वाजता मोकळे. रिसॉर्टवर मुक्कामी असेल तर थोडा विचार करा. वर्गणी वाढते, त्यावर एकाच रंगाच्या साड्या आणि फेटे येतात, रात्री पुरुषांची ‘बैठक’ वेगळी बसते आणि बायका खोलीत मोबाइल बघत बसतात. वर्गणी जड जात असेल तर संयोजकांपैकी एकाला वैयक्तिक फोन करून सांगा. आमच्याकडे चौघांची इतरांनी भरली, कोणाची ते आजही जाहीर नाही. अजून एक, मेळाव्यानंतर महिनाभर विम्याचे आणि ‘घरबसल्या कमवा’चे फोन येतील, तेही आपल्याच बॅचमधून. त्याची तयारी ठेवा.

आमच्या मेळाव्याचा खरा उपयोग झाला तो दोन वर्षांनी. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, कित्येकांचा तळमजला पूर्ण बुडाला. पाणी ओसरल्यावर घरोघरी चिखल, आणि मीटर, बोर्ड, पंप सगळं भिजलेलं. 2019 ला ज्यांचे नंबर घेतले होते त्यांचे फोन लागायला लागले. मी दुकानातला एक पोरगा, मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि वायरची बंडलं घेऊन गेलो. चार दिवस आम्ही बॅचमधल्यांच्या घरचं वायरिंग तपासत फिरलो. त्यात ‘ऑक्टोबर’वाल्याचंही घर होतं. त्याच्या पंपाचं वाइंडिंग मी डोंबिवलीला आणून भरून दिलं. पैसे घेतले, पूर्ण घेतले, तेवढं समाधान मला पुरे.

आणि तो टॉर्चवाला प्रसंग राहिलाच. 2019 च्या मेळाव्यातून परतताना गाडीत झोप येईना. बाकावरच्या मित्राचा नंबर त्याच्या भावाकडून मिळवला आणि रात्री दहाला फोन लावला. सगळं सांगितलं, टाळ्यांचंही. तो बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, “अरे, ॲम्प्लिफायर कुठला, नुसता फ्यूज उडाला होता. तुझं नाव घेतात तर घेऊ दे.” थोडा थांबला आणि म्हणाला, “वडे कुठले होते रे? शाळेसमोरच्या टपरीचे?”

ती टपरी आता नाही, असं मी सांगितलं. त्याला ते पटलं नाही. पुढच्या वेळी स्वतः येऊन बघतो म्हणाला.