वाचकांचे प्रश्न : शाहू स्टेडियम आणि पेठांचा फुटबॉल

कोल्हापूरच्या फुटबॉल लीगचा हंगाम तोंडावर आला तशी सामने पाहायला येऊ इच्छिणाऱ्यांची बरीच पत्रे आली आहेत. खेळाडूंचे बूट, सराव, दुखापती यांविषयीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. या वेळी फक्त प्रेक्षकांचे प्रश्न.

आजवर कोल्हापूरचा फुटबॉल मोबाइलवरच पाहिला. एक दिवस येऊन मैदानात बसून सामना पाहायचा आहे. कधी यावे, सामना आहे की नाही हे कसे कळेल आणि स्टेडियम गाठायचे कसे?
— एक वाचक, गारगोटी

केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगने हिवाळ्यात हंगाम सुरू होतो. लीग आटोपली की एकामागून एक चषक स्पर्धा लागतात आणि त्या उन्हाळाभर चालतात. पावसाळ्यात मैदान विश्रांती घेते. पहिल्यांदाच येणार असाल तर जानेवारी-फेब्रुवारीत या. ऊन सोसवते, मैदानात गवत टिकून असते आणि लीगच्या गुणतक्त्यात वरच्या जागांसाठी आणि तळातून सुटण्यासाठी चुरस लागलेली असते.

दिवसाला बहुधा दोन सामने असतात. पहिला भर दुपारी, दुसरा चारच्या सुमारास. कोल्हापूरच्या दैनिकांत क्रीडा पानावर आदल्या दिवशीच्या सामन्यांची बातमी असते आणि तिच्या शेवटी त्या दिवशीच्या सामन्यांची वेळ दिलेली असते. ती ओळ सकाळी वाचूनच एसटीत बसा. पाऊस झाला किंवा बंदोबस्ताची अडचण आली तर सामना पुढे ढकलला जातो, आणि आठवडाभरापूर्वी कुणीतरी पाठवलेल्या वेळापत्रकाचा मग काही उपयोग राहत नाही.

मध्यवर्ती बसस्थानकावरून थेट रिक्षा मिळते. चालायची तयारी असेल तर बिंदू चौकात उतरून मिरजकर तिकटीवरून खासबागेच्या दिशेने या. पंधरा-वीस मिनिटांत पोहोचाल. रविवारी अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीने या भागातले रस्ते तुंबतात, म्हणून चारचाकी लांबच लावलेली बरी. काही स्पर्धांना तिकीट असते, काहींना नसते. सुटे पैसे जवळ ठेवा. आणि सामन्याच्या निदान अर्धा तास आधी आत या. संघ सराव करतात ते पाहण्यासारखे असते: कीपर कोणत्या बाजूला झेपावताना अडखळतो, फ्री किक कोण मारणार, डावखुरा कोण, हे सगळे तिथेच कळते.

आठ वर्षांच्या मुलीला सामना दाखवायचा आहे. हुल्लडबाजीच्या बातम्या वाचून घरचे नको म्हणतात. कुठे बसावे?
— एक पालक, राजारामपुरी

घरच्यांची काळजी रास्त आहे. समर्थकांमधली भांडणे झाली आहेत, त्यापायी सामने थांबले आहेत, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून पहिला सामना निवडतानाच विचार करा. पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ, किंवा पाटाकडील विरुद्ध दिलबहार अशी पेठांतल्या मोठ्या संघांची लढत आणि तीही अंतिम फेरीची, हा मुलीच्या पहिल्या दिवसाचा सामना नव्हे. लीगमधला आठवड्याच्या मधल्या दिवशीचा सामना घ्या. गर्दी कमी असते आणि मुलीला चेंडू सतत दिसतो.

आत गेल्यावर आधी दोन्ही संघांचे समर्थक कुठे बसलेत ते पाहा. हलगी आणि झेंडे जिथे आहेत तिथून लांब, दोन्ही गटांच्या मधली जागा धरा. हलगीच्या शेजारी लहान मुलाच्या कानाला खरोखर त्रास होतो, तो फक्त आवाजाचा कंटाळा नसतो. बाहेर पडायची वाट आपल्यापासून किती पायऱ्यांवर आहे हे बसण्यापूर्वीच बघून ठेवा. सूर्य मावळतीकडे असतो, त्यामुळे पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर बसलात तर ऊन पाठीवर येते आणि समोरचा खेळ स्वच्छ दिसतो. समोरच्या बाजूला बसलात तर दुसऱ्या सामन्याचा उत्तरार्ध डोळ्यांवर हात धरून पाहावा लागतो. सिमेंटच्या पायऱ्या दुपारभर तापलेल्या असतात, बसायला जाड टॉवेल किंवा घडीची सतरंजी आणा. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत. धातूची किंवा काचेची बाटली मोठ्या सामन्याला गेटवरच अडवली जाण्याची शक्यता असते आणि अडवतात तेच योग्य आहे.

शेवटची शिट्टी झाल्यावर लगेच उठू नका. पंधरा मिनिटे बसून राहा, गेट मोकळे होऊ द्या. मैदानात लोक उतरू लागले, ढकलाढकली दिसली, तर मात्र निकालाची वाट न पाहता निघा.

एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर वळवाचे भान ठेवा. गडगडाट ऐकू आला की वीज धोक्याच्या अंतरात आलेली असते. झाडाखाली, दिव्याच्या खांबाशी, उघड्यावरच्या पत्र्याच्या शेडखाली थांबू नका. पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे तिथेच राहा.

गॅलरीत बसून सगळेच ‘ऑफसाइड, ऑफसाइड’ ओरडतात. मला तरी ते कधी नीट दिसत नाही. टीव्हीसारखे पुन्हा दाखवतही नाहीत. ऑफसाइड ओळखायचा कसा?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, इचलकरंजी

पास सुटताना आक्रमक खेळाडू चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे, गोलकडे असला तर तो ऑफसाइड. ओरडणाऱ्यांतल्या बहुतेकांनाही तो दिसत नाही, आणि त्याला कारण आहे ते बसण्याच्या जागेचे. तुम्ही मध्यरेषेच्या समोर बसला आहात आणि खेळ उजवीकडच्या गोलजवळ चालू आहे असे धरा. तुमची नजर तिकडे तिरकी जाते. अशा वेळी अगदी एका रेषेत उभ्या असलेल्या दोन खेळाडूंपैकी तुमच्या जवळचा खेळाडू गोलच्या दिशेने पुढे गेल्यासारखा दिसतो आणि पलीकडचा मागे राहिल्यासारखा. म्हणजे स्ट्रायकर (पुढचा आक्रमक) तुमच्या बाजूला आणि बॅक (बचावपटू) पलीकडे असेल तर ऑफसाइड नसतानाही असल्यासारखे वाटते. स्ट्रायकर पलीकडे आणि बॅक अलीकडे असेल तर उलट: खरा ऑफसाइडही सुटल्यासारखा वाटतो. लाइनमन, म्हणजे बाजूच्या रेषेवरचा सहायक रेफ्री, त्या रेषेतच उभा असतो, म्हणून त्याचा निर्णय तुमच्या नजरेशी जुळत नाही. चूक त्याच्याकडूनही होते, पण गॅलरीएवढी नाही.

उपाय दोन. एक, मध्यावर न बसता मोठ्या डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) रेषेसमोर बसा. निदान एका बाजूचे निर्णय तरी सरळ रेषेत दिसतील. ही रेषा गोलरेषेपासून १६.५ मीटरवर असते, तिच्या आधाराने खेळाडूंची जागा ताडता येते. दुसरा उपाय सवयीचा आहे. आपण सगळे चेंडूमागे डोळे नेतो. मधल्या फळीतला हाफ मान वर करून पाय मागे घेतो, म्हणजे लांब पास येणार, त्याच क्षणी नजर चेंडूवरून काढून शेवटच्या बॅकवर न्या. पास सुटला तेव्हा कोण कुठे होते एवढेच मोजायचे असते, चेंडू पोहोचला तेव्हाचे नाही. ऑफसाइड ठरवताना हात मोजले जात नाहीत. डोके, धड किंवा पाय चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या पुढे हवे. स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड नाही. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूवर नाही. थ्रो-इनवर ऑफसाइडची आरोळी दर सामन्याला ऐकू येते, ती सोडून द्या.

लाइनमनचा झेंडाही वाचायला शिका. तो आधी झेंडा सरळ वर करतो. रेफ्रीने शिट्टी वाजवली की झेंड्याने जागा दाखवतो: तिरका वर म्हणजे पलीकडच्या बाजूचा खेळाडू, आडवा म्हणजे मधला, तिरका खाली म्हणजे त्याच्या जवळचा. रेफ्रीने फ्री किकला एक हात वर धरून ठेवला असेल तर ती अप्रत्यक्ष आहे, त्यावरून थेट गोल धरला जात नाही.

आणखी एक. कीपरने चेंडू हातात आठ सेकंदांहून जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो, हा नियम २०२५ मध्ये आला. शेवटची पाच सेकंदे रेफ्री हात वर करून बोटांनी मोजतो. आघाडीवर असलेल्या संघाचा कीपर वेळ काढू लागला की रेफ्रीच्या हाताकडे पाहा.

मार्चनंतर सामने रटाळ होतात, नुसते उंच चेंडू. खेळाडूंचा दम संपतो का?
— निवृत्त शिक्षक, कागल

दम हा एक भाग झाला. खरी गोष्ट जमिनीची आहे. रोज दोन सामने झेलून गवत मधोमध आणि गोलसमोर उडते, उन्हाने माती आवळते आणि टणक होते. चेंडूत हवेचा दाब ०.६ ते १.१ वातावरण इतका चालतो. सावलीत भरलेला चेंडू तापल्या मैदानावर आणखी ताठ होतो. टणक जमीन आणि ताठ चेंडू, मग जमिनीवरचा पास वेडावाकडा उसळतो आणि पायाखाली राहत नाही. संघ धोका टाळून उंच खेळू लागतात ते त्यामुळे.

हा खेळ रटाळ वाटू नये यासाठी नजर वेगळीकडे हवी. उंच चेंडू येताना बॅकचे पाय पाहा. टणक मैदानावर जो बॅक चेंडूचा टप्पा पडू देतो तो हरतो, कारण टप्पा डोक्यावरून जातो आणि मागे स्ट्रायकर मोकळा होतो. अनुभवी बॅक दोन पावले पुढे येऊन टप्प्याआधीच हेड करतो. कीपरचेही तसेच. त्याच्या पुढ्यात टप्पा पडणारा साधा फटका अशा मैदानावर सर्वांत अवघड. तो चेंडूमागे अंग आणून अडवतो की नुसते हात पुढे करतो, यावर गोल ठरतो. एकाच कीपरला जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पाहिलेत तर त्याची खरी किंमत कळते.

मोठ्या संघांचे सामने सगळेच पाहतात. खालच्या गटांचे, शाळांचे सामने पाहण्यासारखे असतात का? तिथे गॅलरी नसते, उभे कुठे राहायचे?
— एक वाचक, फुलेवाडी

असतात, आणि फुटबॉल समजून घ्यायचा तर तिथेच जा असे आम्ही आग्रहाने सांगू. दहा फुटांवरून खेळाडूंचे आपसातले बोलणे ऐकू येते: ‘मागं माणूस’, ‘टाइम हाय’, ‘फिरव’. कोण संघ चालवतो हे गॅलरीतून कधीच इतके स्पष्ट कळत नाही. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. असे खेळाडू लहान वयात छोट्या मैदानांवरच दिसतात.

उभे राहताना बाजूच्या रेषेपासून दोन-तीन मीटर मागे राहा. दोन्ही लाइनमन एकेकाच अर्ध्या भागात धावतात, म्हणून तुमच्या बाजूचा लाइनमन कोणत्या अर्ध्यात आहे ते पाहून दुसऱ्या अर्ध्यासमोर उभे राहिलात तर त्याचीही वाट अडत नाही आणि तुमचीही नजर. गोलमागे थांबू नका. जाळी फाटकी असते आणि पाच मीटरवरून सुटलेला चेंडू चुकवता येत नाही. दुचाकी गोलच्या मागे लावण्याची सवय तर सोडाच. चेंडू बाहेर आला तर लाथ न मारता जवळच्या खेळाडूकडे हाताने द्या. तो भलतीकडे गेला की खेळ उगाच थांबतो.

हलवता येणारा गोलपोस्ट असेल तर त्यावर मुलांना लोंबकळू देऊ नका. मागच्या पायांवर वजन किंवा जमिनीत खुंट्या नसतील तर आडव्या दांडीला एक मूल लोंबकळले तरी तो पुढे उलटतो. अशा अपघातांत जगभर मुले दगावली आहेत. मोकळा पोस्ट दिसला तर संयोजकांना सांगा, वाळूची पोती टाकायला पाच मिनिटे लागतात.

बरोबरी झाली की कधी टायब्रेकर होतो, कधी सामना तसाच संपतो. असे का?
— गृहिणी, उत्तरेश्वर पेठ

लीगमध्ये बरोबरीला दोघांना एकेक गुण मिळतो आणि विषय संपतो. चषक स्पर्धेच्या बाद फेरीत एकाला घरी जावेच लागते. जादा वेळ द्यायचा की थेट टायब्रेकर घ्यायचा हे त्या स्पर्धेच्या नियमात ठरलेले असते. टायब्रेकरमध्ये पाच-पाच पेनल्टी, ११ मीटरवरून. तरीही समान असेल तर सडनडेथ, एकास एक.

सामन्यांची वही ठेवायची आहे. काय काय लिहावे?
— एक फुटबॉल शौकीन, शिवाजी पेठ

एका सामन्याला समोरासमोरची दोन पाने द्या. डाव्या पानावर दोन्ही संघांचे खेळाडू मैदानातल्या जागांप्रमाणे मांडा, नाव न लिहिता फक्त जर्सीचा क्रमांक: कीपर तळाशी, वर बॅक, मग हाफ, मग फॉरवर्ड. पहिल्या दहा मिनिटांत मांडणी बदलत राहते, म्हणून आधी पेन्सिल. उजव्या पानावर मिनिट, क्रमांक, काय झाले, एवढ्याच तीन रकान्यांत गोल, कार्ड, बदली खेळाडू. गोलसमोर तो कसा झाला हे तीन-चार शब्दांत लिहा: ‘डावीकडून कॉर्नर, हेड’, ‘कीपरच्या हातून सुटला’. वर्षाअखेर हीच नोंद सर्वांत कामी येते, कारण कोणता संघ कॉर्नरवर गोल खातो हे त्यातून दिसते.

घड्याळ रेफ्रीच्या शिट्टीबरोबर सुरू करा आणि मध्यंतरात बंद करून उत्तरार्धाला पुन्हा लावा, नाहीतर मिनिटांचा घोळ होतो. खालच्या गटांत सामन्याची वेळ कमी ठेवलेली असू शकते, ती आधी विचारा. धुऊन धुऊन क्रमांक निघालेल्या जर्सी असतात, आणि बदली खेळाडू ऐनवेळी दुसऱ्याची जर्सी घालून उतरतो. अशा वेळी क्रमांकापुढे प्रश्नचिन्ह करा आणि बूट किंवा मोज्यांचा रंग टिपा. गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या पेपरशी पडताळा. दोन पेपरांत दोन नावे आली तर त्या संघाच्या तालमीत जाऊन विचारा, तिथे कुणी ना कुणी नक्की सांगेल, आणि मगच पेनाने लिहा.