घरासाठी स्लो ज्युसर: उभा घ्यावा की आडवा?

स्लो ज्युसर म्हणजे फळं-भाज्या स्क्रूने हळूहळू दाबून रस काढणारं यंत्र; उभ्यात हा स्क्रू उभा असतो, आडव्यात आडवा. रोज कशाचा रस काढणार, त्यावर ठरवा. गाजर, बीट, सफरचंद, डाळिंब असेल तर उभा घ्या. तोंड मोठं असतं, फोडी आपोआप खाली सरकतात, सकाळच्या घाईत काम पटकन उरकतं. पण गव्हांकुर, पालक, पुदिना रोजचा असेल तर आडवाच घ्या. उभ्यात पानांचे लांब तंतू स्क्रूभोवती गुंडाळतात आणि चोथ्याची वाट तुंबते. उभ्यातच पाला घालायचा झाला तर बोटभर तुकडे करा, मध्ये गाजराची फोड टाकत राहा.

वॉटचा आकडा मिक्सरसारखा बघू नका. स्क्रू मिनिटाला साधारण 40 ते 80 फेरेच घेतो, ताकद गिअरमुळे येते; 200 वॉटचं यंत्रही पुरतं.

खरी पारख रस गाळणाऱ्या जाळीची. दुकानात ती हातात घेऊन बघा, आत ब्रश नीट फिरतो का? चोथा एकदा वाळला की बारीक छिद्रांतून निघता निघत नाही. धुण्याचा कंटाळा आला की यंत्र माळ्यावर जातं, म्हणून मी याला सगळ्यात जास्त महत्त्व देते. जाळी आणि रबरी सील सुटे मिळतात का, तेही विचारा.

आवळ्याची बी काढूनच घाला. ऊस मात्र अजिबात नको, स्क्रू तुटतो.